कृष्णपुऱ्यातून होळकडे

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात ज्यांची छत्री आहे ते तुकोजीराव होळकर दुसरे 1844मध्ये दत्तक होऊन गादीवर आले. घराण्याचा माग रक्तापेक्षा कागदावर काढावा लागतो, तो यासाठीच. होळकर हे आडनावही मुळात पत्ताच: नीराकाठचं होळ. म्हणून इंदूरच्या मराठी शेतकरी घराण्यांनी आधी मूळ गाव पक्कं करावं, मग तिथले मोडीतले आकारबंद (जमिनीच्या क्षेत्राची आणि साऱ्याची नोंद) आणि पुढचे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) पाहावेत. ‘घरात वंशावळ आहे की!’ असेल, पण वंशावळीत मोठेपणा फुकट चढवता येतो, सरकारी कागदात गुंठा वाढवला की सारा वाढतो. बिनजमिनीची माणसं आणि बहुतेक लेकीसुना या कागदांत सापडत नाहीत, हा आक्षेप मात्र खराच. त्यांच्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या उघडाव्यात. यात्रेकरूच्या नावाखाली गाव, आजा-पणजा, कधी बायकोचंही नाव असतं.