हे काम कोणाचे?

समजा, एखादी आज्ञावली एकाच वेळी अनेक संगणकांवर चालू आहे. मध्यरात्री त्यांपैकी एक संगणक बंद पडला. त्यावरचे काम आता दुसरीकडे सुरू करायला हवे. पण ते कोणी करायचे? आणि ज्याने करायचे त्याला 'हे काम माझे होते' हे कसे कळायचे? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर चुकले तर महागात पडते. एका कामाला दोन मालक झाले, तर एक ते सुरू करतो आणि दुसरा बंद पाडतो. मालकच नसेल, तर बंद पडलेल्या कामाची दखल कोणी घेत नाही, आणि नको असलेले काम मात्र उगाच चालत राहते.

आज्ञावली आणि तिला लागणारे सारे साहित्य एकत्र बांधून दिले, की ते गाठोडे वेगवेगळ्या संगणकांवर सारखेच चालते. त्याला 'कंटेनर' म्हणतात. असे हजारो कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालींपैकी 'कुबरनेटिस' ही सर्वांत प्रसिद्ध. गूगल कंपनीने ती २०१४ साली सर्वांसाठी खुली केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. एक किंवा अधिक कंटेनर मिळून एक 'पॉड' होतो. 'या पॉडच्या तीन प्रती सतत चालू ठेव' असे सांगितले, की 'रेप्लिकासेट' नावाची नोंद तयार होते आणि तिच्यावर नेमलेला नियंत्रक प्रती मोजत राहतो. कमी भरल्या तर नव्या सुरू करतो, जास्त झाल्या तर बंद करतो.

लेबल पुरेसे नाही

पण मोजायचे कोणते पॉड? प्रत्येक पॉडवर लेबल असते, उदाहरणार्थ 'काम: निकाल'. हे लेबल असलेले पॉड आपले, असे रेप्लिकासेट मानतो. आता चुकून दोन रेप्लिकासेटना एकच लेबल शोधायला सांगितले तर? दोघेही तेच पॉड मोजतील. एकाला तीन हवेत, दुसऱ्याला पाच. एक वाढवील, दुसरा कमी करील. सुरुवातीच्या आवृत्त्यांत अशी ओढाताण खरोखरच होत असे.

म्हणून पॉडवर दुसरी एक नोंद आली : मालकाची. तिच्यात मालकाचा प्रकार, नाव आणि ओळख क्रमांक असतो. मालक एकापेक्षा अधिक असू शकतात, पण 'कारभारी' अशी खूण त्यांपैकी एकाच्याच नावापुढे करता येते. दुसऱ्याने तसा दावा केला, तर मध्यवर्ती नोंदवही तो नाकारते. 'कोण माझे असू शकेल' हे लेबल सांगते. 'कोण माझे आहे' हे मालकाची नोंद सांगते. ही नोंद मालकाजवळ नसून पॉडवरच असते, हे लक्षात घ्यावे. त्यामुळे मालकाजवळची यादी जुनी होण्याचा प्रश्नच उरत नाही.

नाव असताना क्रमांक कशाला? शाळेत एकाच नावाच्या दोन मुली असतात, तेव्हा आपण जनरल रजिस्टरचा क्रमांक पाहतो. इथेही तसेच. जुना रेप्लिकासेट पुसून त्याच नावाचा नवा केला, तरी त्याचा १२८ बिटांचा क्रमांक वेगळा असतो. जुन्याची मुले आपोआप नव्याची होत नाहीत.

दत्तक आणि अनाथ

चालू पॉडचे लेबल बदलले, तर रेप्लिकासेट त्यावरची आपली मालकी काढून घेतो. मोजणीत दोनच भरतात, म्हणून तो तिसरा सुरू करतो. सुटलेला पॉड मात्र चालूच राहतो. बिघडलेला पॉड बाजूला काढून तपासण्यासाठी अभियंते ही युक्ती वापरतात.

उलटही घडते. कोणी हाताने एक पॉड सुरू केला, त्याला मालक नाही आणि लेबल नेमके जुळले, तर रेप्लिकासेट त्याला दत्तक घेतो. तीन आधीच असतील, तर चौथा जास्त झाला म्हणून लगेच एक बंद करतो, बहुधा नवाच! कारण ठाऊक नसेल, तर माणूस चक्रावून जातो.

मालकच पुसला तर? एक सफाई-यंत्रणा सर्व नोंदी पाहत असते. ज्याचे सगळे मालक नाहीसे झाले, ते ती काढून टाकते. रेप्लिकासेटचाही मालक असतो, त्याला 'डिप्लॉयमेंट' म्हणतात. तो पुसला की रेप्लिकासेट जातो, आणि त्यामागे पॉडही. मात्र 'मुले ठेव' असे आधी सांगितले, तर मालकाच्या नोंदी काढल्या जातात आणि पॉड अनाथ होऊन चालत राहतात. पुढे जुळणारा रेप्लिकासेट आला, तर तो त्यांना दत्तक घेतो.

आता सुरुवातीच्या बंद संगणकाकडे वळू. नेहमीच्या मांडणीत प्रणाली पाच-सहा मिनिटे वाट पाहते, मग त्यावरचे पॉड काढण्यायोग्य ठरवते. ते आता मोजणीत धरले जात नाहीत. मालकाला तूट दिसते आणि तो दुसऱ्या संगणकावर नवा पॉड उभा करतो. कोणालाही झोपेतून उठवावे लागत नाही.

वर्गात करून पाहा

दहा मुलांना रंगीत चिठ्ठ्या द्या. दोन मुलांना मालक करा आणि दोघांनाही 'लाल चिठ्ठीची तीन मुले उभी ठेव' एवढेच सांगा. किती मुले उभी राहिली आणि ती दोघांना पुरली का, ते पाहा. मग एका मालकाला पाच मुले ठेवायला सांगा. भांडण लगेच दिसेल. शेवटी प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीमागे मालकाचा क्रमांक लिहायला लावा. भांडण का थांबले, हे मुलांनाच विचारा.