दुकान फोनवर (भाग ५) : खुर्ची किती वेळ अडते?

मागच्या भागात आपण ऑनलाइन बुकिंगच्या प्लॅटफॉर्मवर खाते उघडले, दुकानाचा पत्ता घातला, सुट्टीचे वार भरले. आता ‘सेवा’ या पानावर यायचे. बहुतेक जण हे पान चहा थंड व्हायच्या आत उरकतात. सेवेचे नाव, दर, तीस मिनिटे, सेव्ह. पुढे ‘माझा नंबर होता ना?’ म्हणून जी वादावादी होते, तिचे मूळ बहुधा याच पानात असते. म्हणून आजचा सगळा भाग याच पानाला देतो आहे.

कर्जत लोकलच्या वाटेवरच्या शेलू स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे एखादे पार्लर धरू. दोन खुर्च्या, मालकीणबाई आणि हाताखाली एक मुलगी. केस रंगवायला किती वेळ लागतो, असे विचारले तर बाई सांगतील, पन्नास मिनिटे. त्यांचा हात तेवढाच चालतो : रंग लावायला अर्धा तास, धुऊन वाळवायला वीस मिनिटे. पण मध्ये रंग मुरायला पस्तीस मिनिटे जातात आणि गिऱ्हाईक तिथेच बसलेले असते. म्हणजे खुर्ची ८५ मिनिटे अडते. त्यावर टॉवेल बदलणे, बेसिन धुणे, केर काढणे यांची दहा मिनिटे. कालावधीच्या रकान्यात ८५ आणि ‘बफर’च्या रकान्यात १० लिहायचे. बफर गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण त्या वेळात पुढचा नंबर लागत नाही.

काही प्लॅटफॉर्मवर एका सेवेचे तीन तुकडे करता येतात : काम, थांबा, पुन्हा काम. ही सोय असेल तर जरूर वापरा. मुरण्याच्या त्या पस्तीस मिनिटांत दुसऱ्या खुर्चीवर दोन थ्रेडिंग आरामात होतात. तुकडे केले नाहीत, तर तेवढा वेळ बाईंचे हात मोकळे असूनही फोनवर ‘वेळ उपलब्ध नाही’ असेच दिसत राहील.

आकडे अंदाजाने भरू नका. आठवडाभर वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाची बसण्याची आणि उठण्याची वेळ लिहा आणि मग रकाने भरा.

दवाखान्यांसाठी वेळा लावण्याचा हिशेब कागदावर फार पूर्वी मांडला गेला आहे. इंग्लंडमध्ये नॉर्मन बेली आणि जे. डी. वेल्च यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या ताटकळण्यावर लिहिले. त्यांचा तोडगा असा : सुरुवातीच्या वेळेला दोन रुग्ण बोलवा आणि नंतर सरासरी तपासणीला लागणाऱ्या वेळाइतक्या अंतराने एकेक. पहिला उशिरा आला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि बाहेर गर्दीही साठत नाही. नियम आजही उपयोगाचा आहे, पण त्यात माणसे एकेकटी येतील हे गृहीत आहे.

शेलूला संध्याकाळी माणसे एकेकटी येत नाहीत, गाडीने येतात. बदलापूरच्या पुढे लोकल विरळ होतात. एक गाडी थांबली की दहा जण एकदम उतरतात आणि नंतर बराच वेळ रस्ता शांत. अशा ठिकाणी सात, साडेसात, आठ असे सरळ खण पाडण्यात अर्थ नाही. कर्जत लोकलचे वेळापत्रक शेजारी ठेवा, गाडी आल्यावर चालत यायला लागणारी मिनिटे धरा आणि संध्याकाळच्या वेळा त्याप्रमाणे लावा. गाडीनंतरच्या पहिल्या वेळेला एक लांब आणि एक छोटी सेवा घेतली, तर दोन्ही खुर्च्या लगेच भरतात.

‘किमान किती वेळ आधी बुकिंग’ हा रकाना अनेक ठिकाणी आधीच भरलेला असतो. तिथे चार तास लिहिलेले असतील, तर ठाण्याहून गाडीत बसलेल्या बाईला आजची वेळ मिळणारच नाही. तिला मोकळा वेळ मिळतो तो गाडीतच. तिथे अर्धा तास करा.

आगाऊ रकमेबाबत माझे मत स्पष्ट आहे. दहा मिनिटांच्या थ्रेडिंगला आगाऊ रक्कम मागू नका. तासाहून मोठ्या सेवेला थोडी घ्या. आणि पावसाळ्यासाठी अटींमध्ये एक ओळ मराठीत लिहा : गाड्या बंद असतील तर रक्कम पूर्ण परत. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. वांगणीच्या पुढचेच स्टेशन आपले शेलू. तशा दिवशी नंबर चुकला म्हणून कुणाचे पैसे कापायचे नसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. सगळ्या वेळा ऑनलाइन खुल्या करू नका. मे २०२१ आठवा. १८ ते ४४ वयोगटाला कोविडच्या लशीसाठी ‘कोविन’ या सरकारी पोर्टलवर आधी वेळ घेणे सक्तीचे होते. कुणीही कुठलेही केंद्र निवडू शकत होता. शहरातल्या लोकांनी शहरांजवळच्या ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा भराभर पकडल्या आणि गावातली माणसे आपल्याच केंद्रावर मागे राहिली. त्या वेळी कोविन मराठीतही नव्हते. २४ मे रोजी केंद्र सरकारने सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली. लस तीच आणि केंद्रही तेच होते, पण कुणाला मिळणार हे नोंदणीच्या अटींनी ठरवले.

दवाखाना असेल तर हे विशेष जपा. कर्जत तालुक्यातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवरून म्हातारी माणसे चालत, रिक्षाने येतात. त्यांनी ॲपवर नंबर लावावा अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. सकाळच्या निम्म्या वेळा ‘फक्त दुकानातून’ किंवा ‘खासगी’ अशा खुणेने बंद ठेवा आणि दारात येईल त्याला द्या. पार्लरला इतक्या लागणार नाहीत. दुपारच्या दोन-तीन ठेवल्या तरी चालेल.

उरलेली कामे पटकन सांगतो. टाइमझोन भारताचा, म्हणजे +५:३० आहे ना, ते पाहा. परदेशी प्लॅटफॉर्मवर तो चुकला, तर सकाळची वेळ मध्यरात्री दिसते. सेवांची नावे गिऱ्हाईक तोंडाने म्हणते तशीच लिहा. दर बदलला की दोन्हीकडे, फळ्यावर आणि फोनवर, बदला.

सगळे सेव्ह केल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून एक नंबर लावून पाहा आणि तो रद्दही करून पाहा. संदेश आला नाही, तर दोष कुठे शोधायचा ते पुढच्या आठवड्यात, आठवणीच्या संदेशांवरच्या भागात सांगतो.