ऑप्शन फॉर्ममधली ‘सेफ’ जागा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या बहुतांश जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजेच ‘कॅप राउंड’मधून भरल्या जातात. कॉलेज आणि ब्रांच मिळून एक पर्याय धरला जातो आणि असे ३०० पर्यंत पर्याय ऑप्शन फॉर्ममध्ये पसंतीक्रमाने लिहिता येतात. आवाक्याबाहेरची वाटणारी, आवाक्यातली आणि हमखास मिळणारी, अशी सगळी कॉलेजे या एकाच यादीत बसवायची असतात.

स्वारगेट परिसरात ही यादी करणे जरा अवघडच जाते. पर्वतीला पीव्हीजी, बिबवेवाडीला व्हीआयटी, धनकवडीला पीआयसीटी आणि भारती विद्यापीठ ही कॉलेजे काही किलोमीटरांच्या आतच आहेत. २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि शिवाजीनगरचे, १८५४ साली सुरू झालेले व २०२२ मध्ये विद्यापीठ झालेले सीओईपीही एका गाडीच्या अंतरावर आले. शिवाय सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या एसटी इथेच लागतात, त्यामुळे खोली शोधायला आणि कॉलेज पाहायला आलेल्या पालकांचा पुण्यातला पहिला थांबाही हाच. इथे मिळणारे सल्ले उदंड आहेत. त्यातले काही साफ चुकीचे आहेत.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा: अवघड कॉलेज वर लिहिले की तिथला क्रमांक वाया जातो आणि खालची, मिळण्यासारखी जागा दुसऱ्याला जाते. म्हणून ‘मिळेल तेच पहिले लिहा’. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. जागावाटप आधी गुणवत्ताक्रम पाहते. एखाद्या विद्यार्थ्याची पाळी आली की त्याची यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे जागा शिल्लक असेल तो पहिला पर्याय त्याला मिळतो. वरचे दहा पर्याय मिळाले नाहीत, तरी अकराव्या पर्यायावरचा त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तोच पर्याय पहिला लिहिणारा पण गुणवत्ताक्रमात मागे असलेला विद्यार्थी त्याच्या पुढे जाऊ शकत नाही.

‘सेफ’ कॉलेज वर लिहिण्यात मात्र खरा धोका आहे. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून फेऱ्या चार झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर ती आपोआप ‘फ्रीज’ होते. पुढच्या फेरीत चांगले मागण्याची मुभा राहत नाही. काळजीपोटी सोपे कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिणारा विद्यार्थी अशा रीतीने स्वतःच्या हाताने दार लावून घेतो. यादीचा वरचा भाग निव्वळ आवडीचा असावा. सावधगिरी दाखवायची ती यादीच्या लांबीत, म्हणजे तळाशी. तीस-चाळीस पर्यायांवर थांबून ‘एवढ्यात मिळेलच’ म्हणणारे विद्यार्थीच फेरी संपल्यावर रिकाम्या हाताने राहतात.

याच नियमाची दुसरी बाजूही फारशी कोणी सांगत नाही. हातात एक जागा ठेवून पुढच्या फेरीत उतरलेल्या विद्यार्थ्याला नवी जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते. त्यामुळे त्या फेरीच्या फॉर्ममध्ये हातातल्या जागेपेक्षा खरोखर बरे वाटणारेच पर्याय लिहायचे. ‘भर म्हणून’ लिहिलेला पर्याय लागला, तर परतीची वाट नसते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के, हा समज आता बराच ओसरला आहे, पण त्यातून होणारी चूक अजून टिकून आहे. ९५ पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १९० गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे पाच टक्के जण पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चार लाख परीक्षार्थी धरले, तर ९५ च्या पुढे वीस हजार विद्यार्थी असतात आणि ९९ ते ९८ या एका पर्सेंटाइलच्या टप्प्यात चार हजार. म्हणून यादी करताना पर्सेंटाइलपेक्षा राज्य गुणवत्ता क्रमांक जास्त उपयोगी पडतो. बारावीच्या गुणांचे काहीच काम नसते, असेही म्हटले जाते. गुणवत्ता यादीसाठी ते बहुतांशी खरे असले, तरी पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतातच.

कट-ऑफ कॉलेज ठरवते, हा आणखी एक समज. कट-ऑफ आधी ठरवलेला नसतो. त्या फेरीत, त्या ब्रांचला, त्या प्रवर्गातून शेवटचा प्रवेश ज्याला मिळाला त्याचा तो क्रमांक असतो. मागच्या वर्षीचा आकडा हा अंदाज आहे, हमी नव्हे. २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका ब्रांचच्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने उठवली, त्यानंतर संगणक आणि त्याच्या शेजारच्या ब्रांचमधल्या जागांचे गणित बदलले. एकाच वर्षाच्या आकड्यावर ‘सेफ’ ठरवणे म्हणूनच कच्चे. दोन-तीन वर्षांचे आणि तेही प्रत्येक फेरीचे आकडे पाहावेत.

त्यातही नेमकी ओळ वाचणे महत्त्वाचे. कट-ऑफच्या तक्त्यात जीओपनएच, जीओपनओ, जीओपनएस, एलओपनएच असे सांकेतिक गट असतात. सुरुवातीचा जी सर्वसाधारण, एल महिलांच्या ३० टक्के आरक्षणाचा. शेवटचा एच होम युनिव्हर्सिटीचा, ओ तिच्याबाहेरच्यांचा, एस राज्यस्तरीय जागांचा. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत या जागा होम युनिव्हर्सिटीसाठी ७० टक्के आणि बाहेरच्यांसाठी ३० टक्के अशा विभागल्या जातात. स्वारगेटला उतरणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. पुण्यात खोली घेतली किंवा क्लास लावला म्हणून होम युनिव्हर्सिटी बदलत नाही. बारावी कुठून उत्तीर्ण झाली, यावर ती ठरते. साताऱ्यात बारावी केलेल्या मुलीची होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ, सोलापूरच्या मुलाची सोलापूर विद्यापीठ. बारामती, अहिल्यानगर आणि नाशिकच्या मुलांची मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. म्हणून एकाच क्रमांकाच्या दोन मित्रांसाठी धनकवडीचे एकच कॉलेज वेगवेगळ्या अंतरावर असू शकते. सीओईपीच्या राज्यस्तरीय जागांना हा भेद लागू नाही.

पाटीवरचे नाव पाहून ‘सेफ’ ठरवण्याची सवयही फसवी. भारती विद्यापीठाचे धनकवडीचे मुख्य अभियांत्रिकी कॉलेज अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. त्याचा प्रवेश कॅपबाहेर, स्वतंत्र प्रक्रियेने होतो. त्याच संस्थेचे मुलींचे अभियांत्रिकी कॉलेज मात्र पुणे विद्यापीठाशी संलग्न आणि कॅपमध्ये आहे. कोथरूडचे एमआयटी वर्ल्ड पीस विद्यापीठही कॅपबाहेर. अशा ठिकाणी मे-जूनमध्येच जागा धरून ठेवण्यात गैर काही नाही, पण शुल्काचा हिशेब आधी करावा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत, आणि कॅपमधल्या कॉलेजातही मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. परवडत नाही ती जागा सेफ नव्हे, तिचा कट-ऑफ कितीही खाली असो.

शिक्षण शुल्क माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा पाच टक्के आणि मंजूर संख्येपेक्षा जास्तीच्या असतात. त्या आपोआप लागत नाहीत. त्यांचा ‘टी’ने संपणारा संकेतांक वेगळा लिहावा लागतो. स्पर्धा जास्त असल्याने त्यांचा कट-ऑफ बहुधा त्याच ब्रांचच्या साध्या जागेपेक्षा वर असतो. म्हणजे ओळखीच्या कॉलेजातली ही जागा यादीत वरच्या गटात बसते, तळाशी नव्हे.

राहिली कागदपत्रे. प्रवर्गाचा कट-ऑफ पाहून बांधलेली यादी जात वैधता प्रमाणपत्रावर आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअरवर उभी असते. नॉन-क्रीमीलेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. मुदत संपलेले प्रमाणपत्र चालत नाही. ही कागदपत्रे दिलेल्या मुदतीत सादर झाली नाहीत, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात मोजला जातो, आणि मग यादीतले ‘सेफ’ पर्याय खुल्या प्रवर्गाच्या आकड्यांशी नव्याने ताडून पाहावे लागतात.