मंत्राचा अर्थ कळायलाच हवा का?

 पनवेल महापालिकेतल्या खारघरमध्ये १५ जानेवारी २०२५ रोजी इस्कॉनच्या मोठ्या मंदिराचं उद्घाटन झालं. या पंथाचा दीक्षित साधक रोज १६ माळा जपतो. हात गोमुखीत म्हणजे जपाच्या पिशवीत, तर्जनी बाहेर काढलेली, अंगठा आणि मधल्या बोटामध्ये मणी सरकतोय. १०८ मण्यांच्या १६ माळा म्हणजे एकच मंत्र १,७२८ वेळा! एवढ्या वेळा म्हणताना अर्थ मनात टिकतो तरी का?

टिकणं कठीणच. कुठलाही शब्द भराभर घोकून पाहावा. थोड्याच वेळात तो नुसता आवाज होतो. मानसशास्त्रज्ञांनी हे केव्हाच नोंदवलंय. मंत्रांना अर्थच नसतो, असं म्हणणारा कौत्स तर यास्काच्या ‘निरुक्त’ या प्राचीन शब्दव्युत्पत्तीच्या ग्रंथातही भेटतो.

मग जपाचा गुण येतो कुठून? एक वाट श्वासाची. इटलीतले संशोधक लुचानो बर्नार्डी यांनी २३ निरोगी माणसांकडून लॅटिनमधली ‘आवे मारिया’ प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हणवून घेतला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. पण दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात, हे संथ लयीचं फळ. सात मिनिटांत माळ उरकायची तर एका मंत्राला जेमतेम चार सेकंद मिळतात, तिथे हाच आकडा गृहीत धरता येणार नाही.

हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी तर १९७५ च्या पुस्तकात ‘वन’ हा साधा इंग्रजी शब्दही जपायला चालेल, असं सुचवलं. मनातल्या मनात एकच शब्द घोळवला की मेंदूचा बराच भाग शांत होतो, असं इस्रायली संशोधकांनाही २०१५ मध्ये दिसलं. त्यांचा शब्द हिब्रूतला, अर्थ तोच: ‘एक’. घोकणाऱ्यांना ध्यानाचा सरावही नव्हता.

म्हणून अर्थ निकालात काढायचा का? एवढी घाई नको. एमी वाचहोल्ट्झ आणि केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन आठवडे, रोज २० मिनिटं ध्यान करायला लावलं. काहींना ईश्वराशी जोडलेलं वाक्य दिलं, काहींना स्वतःविषयीचं साधं वाक्य, तर काहींना नुसता आराम. मग हात बर्फगार पाण्यात! ईश्वराचं वाक्य घेणाऱ्यांनी तो इतरांच्या जवळपास दुप्पट वेळ आत ठेवला. इथे व्याकरण-व्युत्पत्तीचा प्रश्नच नव्हता. ते वाक्य म्हणणाऱ्याला कशाशी बांधतं, हे मोलाचं ठरलं. आजीला अथर्वशीर्षातली विभक्ती सांगता येत नसेल, पण ते कुणाला उद्देशून आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं.