हवाच येत नाही, तर गॅस कशाला?

जुन्या गाडीचा उन्हाळा : लेखांक ५

मागच्या लेखांकात गार न होणाऱ्या एसीचा विचार केला. या वेळची तक्रार वेगळी आहे आणि गॅरेजमध्ये नेमकी हीच तक्रार त्या तक्रारीत मिसळली जाते. पंख्याचं बटण शेवटच्या आकड्यावर असतं, ब्लोअरचा आवाज येत असतो, पण जाळीपुढे हात धरला तर जेमतेम फुंकरीएवढी हवा लागते. जी येते ती गार असते. मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत मात्र ती पोचत नाही.

नांदगाव पेठच्या एका गॅरेजमध्ये याच तक्रारीवर कानावर पडलेला संवाद असा :

"काका, गॅस कमी झाला असन. टाकून देऊ का?"

"अरे बाबू, हवाच नाही येऊन रायली, तर गॅस टाकून काय करतं?"

काकांनी मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. गॅसचं काम हवा गार करण्याचं. हवा ढकलण्याचं काम ब्लोअरचं. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, ब्लोअर बॅटरीच्या विजेवर. गॅस पूर्ण संपला तरी जाळीतून वारा तेवढ्याच जोरात यायला हवा, फक्त तो गरम असेल. म्हणून पहिली परीक्षा फुकटची आहे. एसीचं बटण बंद ठेवा, नुसता पंखा पूर्ण वेगात सोडा आणि हात धरा. तेव्हाही वारा कमी असेल तर गॅसच्या नळकांड्याकडे कोणालाही जाऊ देऊ नका. एक अपवाद आहे, त्याकडे पुढे येतो.

हा विषय नांदगाव पेठच्या निमित्ताने घेण्याचं कारण इथली धूळ. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं हे गाव. टोलनाका, औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने, १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प, आणि या सगळ्यांसाठी दिवसरात्र धावणारे ट्रक. भोवती काळी माती आणि कापूस. गाडीच्या एसीच्या दृष्टीने या दोन गोष्टी एकत्र येणं फार वाईट.

डॅशबोर्डच्या पोटात एक कूलिंग कॉइल असते. ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, एकमेकींपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावर. ब्लोअरने ढकललेली सगळी हवा त्या फटींतूनच आपल्यापर्यंत येते. एसी चालू असताना हवेतली वाफ या पट्ट्यांवर पाणी होऊन जमते, म्हणजे कॉइल ओली असते. ओल्या कॉइलवर काळ्या मातीची धूळ येऊन बसते. ही माती पाणी धरते, फुगते आणि चिकटते, हे पावसाळ्यात शेतात पाय घातलेल्या कोणालाही सांगायला नको. गाडी बंद केली की ती वाळते, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजते. त्यात रुईचे तंतू मिसळले की भिंत लिंपायच्या मातीत कुटार कालवल्यासारखं होतं : तंतू मातीला धरून ठेवतात आणि थर सुटत नाही. काही वर्षांनी पट्ट्यांच्या फटींवर करड्या रंगाचं नमद्यासारखं जाड अस्तर तयार होतं. ब्लोअर आपलं काम करत राहतो, हवेला जायला वाट उरत नाही.

कॉइल अशा अडचणीच्या जागी गेली कशी, हे पाहण्यासारखं आहे. १९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने कारखान्यातून एसी बसवून दिलेली मोटार आणली तेव्हा कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे होती आणि तिने डिकीची बरीच जागा खाल्ली होती. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, एसी नको असेल तर पट्टा काढून ठेवावा लागे. १९५४ मध्ये नॅश कंपनीने हीटर आणि एसी यांची यंत्रणा एकत्र करून गाडीच्या पुढच्या भागात आणली. पुढे सगळ्या जगाने तीच रचना उचलली. प्रवाशांची सोय झाली, पण साफसफाईसाठी ती कॉइल डॅशबोर्डच्या मागे गाडली गेली. त्यात मारुती ८००, टाटा सुमो अशा आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत केबिन फिल्टर नसे. नंतरच्या काही लहान गाड्यांत फिल्टरसाठी खाचा असतात, पण त्या रिकाम्या. अशा गाडीत रस्त्यावरची धूळ आणि कॉइल यांच्यामध्ये अडवणारं काहीच नसतं.

तरी थेट कॉइलवर जाऊ नये. डॅशबोर्ड खोलणं हे सर्वांत शेवटचं काम. त्याआधी पाहायच्या गोष्टींना फार तर अर्धा तास लागतो.

आधी काचेखालची जाळी बघा. बाहेरची हवा बॉनेटच्या मागच्या काठाशी, वायपरच्या खालून आत येते. वऱ्हाडात गाडी सावलीला लावायची म्हणजे बहुतेक वेळा कडुनिंबाखाली, आणि निंबाची पानगळ ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. ती बारीक पानं जाळीतून आत पडतात, कुजतात, काही ब्लोअरपर्यंत जातात आणि टकटक आवाज करतात. हवा आतल्या आत फिरवणारी खिट्टी एकदा आत, एकदा बाहेर करा. आतल्या हवेवर वारा वाढला आणि बाहेरच्या हवेवर पडला, तर अडथळा या जाळीशी आहे. दोन्हीकडे सारखाच मंद असेल तर तो पुढे आहे.

फिल्टर असेल तर तो बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो. तो बाहेर काढा आणि फिल्टरविना पंखा चालवा. वारा एकदम वाढला तर निदान झालं, नवा फिल्टर घाला. मळलेला फिल्टर हवेच्या फवाऱ्याने झटकून परत घालण्याची पद्धत मला पटत नाही. वरची धूळ उडते, कागदाच्या आत बसलेली बारीक माती तशीच राहते.

यानंतर वेग तपासा, एकेका आकड्यावर थांबून. जुन्या गाड्यांत खालचे वेग एका रेझिस्टन्समधून येतात : तारेची वेटोळी, जी वीज अडवून पंखा मंद करते. शेवटच्या आकड्यावर वीज ही वेटोळी टाळून थेट मोटरला जाते. त्यामुळे पंखा फक्त चारवर चालतो आणि एक-दोन-तीनवर मुका राहतो, तेव्हा रेझिस्टन्स जळलेला असतो. उलट, एक-दोन-तीन ठीक आणि चारवर काहीच नाही, तर रिले, फ्यूज किंवा स्विच. रेझिस्टन्स हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण त्याला गार ठेवायचं काम त्याच हवेचं. वारा अडला की तो तापतो आणि जळतो. म्हणून दरवर्षी रेझिस्टन्स जात असेल तर बदलत बसू नका, हवा कुठे अडते ते शोधा. काही ठिकाणी रेझिस्टन्स काढून तारा थेट जोडून देतात, किंवा सारखा उडणारा फ्यूज जास्त अँपिअरचा टाकतात. हे कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या. ब्लोअर पूर्ण वेगात दहा-वीस अँपिअर ओढतो, आणि पंधरा-वीस वर्षांच्या तारांना तेवढ्या विजेने आग लागू शकते.

सगळे वेग चालतात पण सगळेच मंद, ही खरी कोड्यात टाकणारी अवस्था, आणि इथे कान उपयोगी पडतो. ब्लोअरचा आवाज मोठा आणि चढा असेल आणि वारा नसेल, तर मोटर ठणठणीत आहे, वाट बंद आहे. वाट बंद झाली की पंख्याला ढकलायला हवाच मिळत नाही, त्याच्यावरचा भार उतरतो आणि तो उलट जास्त वेगाने फिरतो. आवाजच दबलेला, रडका असेल तर दोष विजेत किंवा मोटरमध्ये. कान कमी पडला तर मीटर लावा. इंजिन चालू, पंखा पूर्ण वेगात, आणि मोटरच्या सॉकेटपाशी मोजा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि मोटरपाशी ११-१२ येत असतील तर मधले व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगमध्ये, काळवंडलेल्या सॉकेटमध्ये किंवा झिजलेल्या स्विचमध्ये जात आहेत. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं की तिथेच थांबा. व्होल्ट पूर्ण येत असूनही पंखा संथ असेल, तर ब्रश झिजले आहेत किंवा बेअरिंग सुकलं आहे.

मोटर बदलल्यानंतर लगेच वारा कमी झाला असेल तर तारा उलट जोडल्या गेल्या का ते आधी पाहा. साध्या दोन तारांच्या मोटरला धन-ऋण उलट लावलं तर ती उलटी फिरते. ब्लोअरचा पिंजरा असा असतो की उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त बरीच कमी. जाळीतून वारा येतोच, म्हणून शंका कोणाला येत नाही आणि नव्या मोटरला दोष दिला जातो.

ब्लोअर खाली उतरवायला अनेक गाड्यांत तीन स्क्रू पुरतात. तो काढल्यावर पात्यांकडे बघा. बारीक, बाकदार पाती असतात, आणि त्यांच्या बाकात माती भरली की हवा उचलायला खोलगटपणाच राहत नाही. मऊ ब्रशने साफ करा. घरात कापूस साठवलेला असेल आणि गाडी त्याच छपराखाली उभी राहत असेल, तर पिंजऱ्यात उंदराने नेलेला कापूस सापडणंही अशक्य नाही. आणि ब्लोअर निघालाच आहे तर त्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा, टॉर्च लावून, आत घाला. बऱ्याच गाड्यांत कॉइलचं तोंड तिथून दिसतं. ते दिसण्याआधी डॅशबोर्ड खोलायला हो म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

जाळ्यांतून काळे, चुरगळलेले स्पंजचे कण उडत असतील तर दोष आणखी वेगळा. हवा वर, पायाशी की काचेवर पाठवायची ते ठरवणाऱ्या आतल्या झडपांवर स्पंज चिकटवलेला असतो. तो वयाने कुजतो, झडप नीट मिटत नाही आणि छातीकडे यायची हवा पायाशी आणि काचेकडे गळते. केबल क्लिपमधून सुटली तरी हेच होतं. पायाशी आणि काचेपाशी हात धरून पाहिलं की कळतं.

आता तो अपवाद. अकोल्याहून निघताना वारा जोरात असतो, मूर्तिजापूर मागे पडतं तसा तो कमी होत जातो, नांदगाव पेठच्या नाक्याला पोचेपर्यंत जवळपास बंद. चहाला पंधरा-वीस मिनिटं थांबलं, गाडीखाली पाण्याचं थारोळं झालं, आणि परत निघाल्यावर वारा पहिल्यासारखा. इथे माती नाही, बर्फ आहे. कॉइलचं तापमान शून्याच्या खाली गेलं, तिच्यावरचं पाणी गोठलं आणि फटी बुजल्या. शून्याच्या थोडं वर असतानाच कॉम्प्रेसर बंद करणं हे थर्मोस्टॅटचं काम, तो बिघडला की असं होतं. पण गॅस कमी झाल्यानेही होतं. आर-१३४ए हा गॅस गेजवर सुमारे २८ पीएसआय दाब असताना शून्य अंशाला उकळतो. गॅस गळून दाब त्याखाली गेला की कॉइलचा काही भाग गोठू लागतो. मातीने अर्धवट बुजलेली कॉइलही गोठते, कारण तिला तापवणारी हवाच पोचत नाही.

हा प्रकार ऋतूवरून ओळखता येतो. वऱ्हाडातल्या मे महिन्याची हवा कोरडी, गोठायला पाणीच कमी. बर्फाची तक्रार मृगापासून पोळ्यापर्यंतची, विशेषतः रात्रीच्या लांब प्रवासात पंखा एकवर ठेवलेला असताना. भर मे महिन्यात वारा सुरुवातीपासूनच मंद असेल तर मातीवर संशय घ्या. टोलच्या रांगेत उभं राहिल्यावर वारा तेवढाच राहतो पण गरम पडतो, तो दोष कंडेन्सरच्या पंख्याकडचा. तो पुढच्या लेखांकात.

सगळं तपासून कॉइलच बुजलेली निघाली तर? थर पातळ असेल तर फेसाचं क्लीनर चालतं. नमदा झाला असेल तर ते पैसे वाया जातात, वरचा थर भिजून आणखी आत बसतो. जोराच्या पाण्याने पट्ट्या वाकतात आणि वाकलेल्या पट्ट्या म्हणजे पुन्हा बंद वाट. कॉइल बाहेर काढावी लागते. दिवसभराचं काम आहे, आणि त्यात कोणत्या गोष्टी झाल्या पाहिजेत हे आधीच बोलून घ्या. गॅस मशीनने काढून घ्यावा, हवेत सोडू नये : एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. उघडलेल्या प्रत्येक जोडाला नवी ओ-रिंग, नवा ड्रायर, मग व्हॅक्यूम, आणि गॅस अंदाजाने न भरता बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाने. पाणी बाहेर जाणारी नळीही त्याच वेळी मोकळी करून घ्यावी. एअरबॅग असलेल्या गाडीत डॅशबोर्डला हात लावण्याआधी बॅटरीची तार काढलेली हवी.

खर्च मोठा वाटतो. पण मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात उन्हापायी कलम १४४ लावण्याची पाळी आली होती, पारा ४५ अंशांच्या पुढे होता. अशा दुपारी खेड्यातून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात पेशंट घेऊन येणारी गाडी बहुतेक वेळा जुनीच असते. तिच्या मागच्या सीटपर्यंत वारा पोचणं ही चैन नाही.

कॉइल साफ होऊन बसली की रिकाम्या खाचेत फिल्टर घालायला विसरू नका. त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. कंपनी सांगते त्या किलोमीटरांवर इथे विसंबू नये. सोयाबीनची मळणी आटोपल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर एकदा आणि कापसाचा हंगाम सरताना, होळीच्या आधी एकदा तो काढून पाहावा. खाच नसलेल्या सुमोसारख्या गाडीत काचेखालच्या जाळीवर आतून मच्छरजाळीसारखी बारीक जाळी ताणून बसवता येते. माती तिने थांबत नाही, पण पानं आणि रुई थांबते. तिथे स्पंज किंवा कापड कोंबू नका, हवा पुन्हा तिथेच अडेल. आणि कच्च्या रस्त्यावर, ट्रकच्या मागे किंवा मळणीयंत्राजवळून जाताना हवेची खिट्टी आतल्या बाजूला ठेवा.