सामायिक मसुदा आणि जाहीर प्रत

चार माणसांनी मिळून एक कागद लिहावयाचा, ही कार्यालयीन जीवनातील नित्याची गोष्ट होय. एकाने मसुदा करावा, दुसऱ्याने त्याच्या समासात शेरे लिहावेत, तिसऱ्याने आकडे तपासावेत आणि चौथ्याने सही करावी, असा हा क्रम. कागदाच्या काळात ह्या क्रमाला एक अंगभूत शिस्त होती. कारण नस्ती एका वेळी एकाच मेजावर असे आणि ती ज्याच्या मेजावर, त्याच्याच हाती लेखणी. आता तोच मसुदा पडद्यावर उघडतो आणि चौघेही एकाच क्षणी एकाच परिच्छेदावर हात चालवू शकतात. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु हा कागद सध्या कोणाच्या ताब्यात, तो कोणी पाहावा आणि कचेरीबाहेर केव्हा जावा, हे जे प्रश्न नस्तीच्या प्रवासात आपोआप सुटत, ते आता कोणीतरी जाणीवपूर्वक सोडवावे लागतात.

अशी साधने घडविणारी एक मोठी कंपनी चेन्नईच्या परिसरात आहे. ज्या १९९६ साली मद्रास शहराचे अधिकृत नाव चेन्नई झाले, त्याच साली ॲडव्हेंटनेट ह्या नावाने तिचा आरंभ झाला. २००५ साली तिने ‘झोहो रायटर’ हे पडद्यावरील सामायिक लेखनाचे साधन लोकांपुढे आणले आणि २००९ साली स्वतःसाठीही झोहो हेच नाव घेतले. २०२५ साली केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना ह्या कंपनीची कार्यालयीन साधने वापरण्याची सूचना केली. म्हणजे सामायिक मसुदा ही आता केवळ व्यापारी कंपन्यांची बाब राहिलेली नाही. सरकारी टिप्पणीही त्याच वाटेने चालली आहे.

ह्या साधनांची रचना समजण्यास यंत्राचे ज्ञान लागत नाही. कचेरीतील कपाट डोळ्यांपुढे आणले की पुरे. गटासाठी एक सामायिक कपाट असते, त्याला ‘टीम फोल्डर’ म्हणतात. कपाट एकच असले तरी किल्ल्या सर्वांना सारख्या नसतात. एखाद्यास केवळ वाचता येते, एखाद्यास समासात अभिप्राय लिहिता येतो, एखाद्यास मजकूर बदलता येतो; आणि कोणास कोणती किल्ली द्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार एकदोघांकडेच असतो. झोहोच्या ‘वर्कड्राइव्ह’मध्ये आणखी एक लहानशी, पण शहाणपणाची सोय आहे. सामायिक कपाटात नवा लेख सुरू केला तरी तो आधी ‘ड्राफ्ट’ म्हणून लिहिणाऱ्यापुरताच राहतो. त्याने ‘रेडी’ अशी खूण केली, म्हणजे मग तो गटातील इतरांच्या दृष्टीस पडतो. ज्याला चुकतमाकत लिहिण्यास थोडा एकांत मिळत नाही, तो लेखक धीटपणे लिहीत नाही, हे ओळखूनच ही सोय झाली असावी.

तिसरी पायरी प्रसिद्धीची. लेखाचा एक दुवा तयार करावयाचा आणि तो बाहेर द्यावयाचा. अडचण नेमकी येथे उद्भवते. दुवा नावानिशी दिला, तर ज्याला दिला त्यालाच दार उघडते; पण ‘दुवा ज्याच्याजवळ, त्याला प्रवेश’ अशी मुभा ठेवली, तर तो दुवा चिठ्ठीसारखा हातोहात फिरतो आणि शेवटी कोणाच्या हाती गेला, हे सांगता येत नाही. शिवाय पुष्कळांची समजूत अशी असते, की दुवा पाठविणे म्हणजे प्रत पाठविणे. वास्तविक अनेकदा आपण प्रत दिलेली नसतेच. आपले चालू कामच उघडून दिलेले असते. सकाळी वाचणाऱ्यास एक मजकूर दिसतो, सायंकाळी वाचणाऱ्यास दुसरा. गटात वाटलेला कागद परत घेता येतो, परवानगी काढून घेता येते. जाहीर झालेल्या कागदाचे तसे नाही. मूळ जागेवरून तो काढून टाकला, तरी ज्यांनी तो उतरवून घेतला, त्यांच्याकडे तो राहतोच. म्हणूनच सामायिक करणे आणि प्रसिद्ध करणे ही एकाच क्रियेची लहानमोठी रूपे मानणे चुकीचे आहे. पहिले काम विश्वासाचे आहे, दुसरे जबाबदारीचे.

ज्या शहरात ही साधने घडतात, त्या शहराने हा भेद फार पूर्वी अनुभवलेला आहे. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीला मद्रासची जागा मिळाली आणि सेंट जॉर्जचा किल्ला उभा राहिला. तेथील गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल एकत्र बसून जो विचारविनिमय करीत, त्याची नोंद एका वहीत होई. तिचे नाव ‘डायरी अँड कन्सल्टेशन बुक’. जहाजांची ये-जा, मालाचे भाव, नेमणुका, तंटे, असे सारे तीत येई. आणि नोंदीखाली सभासदांच्या सह्या पडत. पुढे त्या वहीची नक्कल जहाजाने लंडनला कंपनीच्या संचालकांकडे जाई. एका गटाने राखलेला सामायिक दस्तऐवज तो हाच. ज्याला निर्णय मान्य नसे, त्याचे मतही लेखी राहू शके, हा त्या पद्धतीचा सर्वांत मौल्यवान भाग होय. १६८७ ते १६९२ ह्या काळात एलिह्यू येल गव्हर्नर असताना त्याचे आणि कौन्सिलच्या सभासदांचे वारंवार खटके उडाले. तक्रारी लंडनला पोहोचल्या आणि १६९२ साली त्याच्या जागी नथॅनियल हिगिन्सनची नेमणूक झाली. अमेरिकेतील एका विख्यात विद्यापीठाला पुढे ह्याच येलचे नाव मिळाले, हा दैवाचा निराळा खेळ. अधिकारी कितीही प्रबळ असला तरी सहकाऱ्यांच्या लेखी मतभेदाला वजन असते, एवढे त्या प्रकरणावरून दिसते. आजच्या साधनांत प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला, ह्याचा जो इतिहास आपोआप राहतो, त्याचे काम काही अंशी त्या सह्या करीत.

त्या वह्या जगापुढे केव्हा आल्या? १६८२ ते १६८५ ह्या वर्षांच्या वह्या ए. टी. प्रिंगल यांनी संपादून १८९४-९५ मध्ये छापल्या. १९०९ साली एगमोर येथे मद्रास रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे आजचे तमिळनाडू अभिलेखागार, स्वतंत्र इमारतीत उभे राहिले, आणि १६७२ ते १६७८ ह्या वर्षांची वही १९१० साली सरकारी छापखान्यातून बाहेर पडली. लेखन आणि प्रसिद्धी ह्यांत दोनशेहून अधिक वर्षांचे अंतर! महाराष्ट्राला पेशवे दप्तराची गोष्ट परिचित आहे. रुमालांत बांधून ठेवलेल्या त्या कागदांतून गो. स. सरदेसाई यांनी निवडलेले ४५ खंड १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत निघाले, तेव्हा पेशवाई बुडून शतक उलटले होते. इतका विलंब इतिहासाला परवडतो. चालू कारभाराला परवडत नाही. नगरपालिकेच्या जलवाहिनीचा आराखडा नातवंडांनी वाचावा, असे कोणी म्हणणार नाही.

विलंब आणि घाई ह्यांच्या मधला एक मार्ग मद्रासनेच दाखविला आहे. थिओडोर ऑफ्रेख्ट ह्या जर्मन पंडिताने संस्कृत हस्तलिखितांची व ग्रंथकारांची ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ ही बृहत्सूची केली. तिचे तीन भाग लाइप्झिग येथे १८९१, १८९६ आणि १९०३ साली निघाले. ते एकट्या माणसाचे प्रचंड काम होते. पुढे नवी हस्तलिखिते उजेडात आली आणि १९३५ साली मद्रास विद्यापीठाने नवी सूची करण्याचे ठरविले. एस. कुप्पुस्वामी शास्त्री, सी. कुञ्ञन् राजा आणि वे. राघवन् अशा विद्वानांच्या हाती ते काम आले. देशोदेशीच्या ग्रंथालयांच्या याद्या मिळवावयाच्या, नोंदी काढावयाच्या, एकाच ग्रंथाची निरनिराळी नावे जुळवावयाची, हा उद्योग गटावाचून होणारा नव्हता. ह्या मंडळींनी पहिला खंड एकदम बाहेर काढला नाही. १९३७ साली त्यांनी एक तात्पुरता भाग छापला आणि तो तात्पुरता आहे, हे त्याच्या नावातच सांगून टाकले. पहिला खंड राघवन् यांच्या संपादनाखाली निघाला तो १९४९ साली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनेही महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीआधी विराटपर्वाची कच्ची आवृत्ती १९२३ साली अशीच काढली होती. कच्चे काम जाणकारांना दाखविण्यात ह्या पंडितांना कमीपणा वाटला नाही. कच्चे ते पक्के म्हणून खपविणे मात्र त्यांनी टाळले. पडद्यावरील मसुद्याच्या माथ्यावर ‘मसुदा, अमुक तारखेपर्यंत अभिप्रायासाठी’ एवढी ओळ घालण्यास दहा सेकंद लागतात, आणि तरीही ती क्वचितच आढळते.

सरकारी कामात ह्या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम ४ प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बरीच माहिती न मागता जाहीर करण्याचे बंधन घालते. उलट कलम ८ मध्ये मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांना, आणि मंत्री, सचिव व इतर अधिकारी यांच्या विचारविनिमयाच्या नोंदींना सूट आहे. पण निर्णय होऊन प्रकरण पूर्ण झाल्यावर तो निर्णय, त्याची कारणे आणि त्याचा आधार असलेली सामग्री खुली करावी, असेही तेथेच म्हटले आहे. विचार चालू असेतो आडोसा, विचार संपल्यावर उजेड, अशी ही विभागणी. काही अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की टिप्पणी उद्या बाहेर जाणार असेल, तर आज कोणी मनातले लिहिणार नाही. ह्या म्हणण्यात तथ्य थोडे आणि सवय जास्त आहे. येलच्या कौन्सिलातील माणसांना आपल्या वहीची नक्कल लंडनला जाणार, हे ठाऊक होते. तरी ती भांडली. मात्र एक खरे, की ‘विचार संपला’ हे कोणीतरी ठरवावे लागते. सामायिक कपाटाची किल्ली दहा जणांकडे असली, तरी जाहीर दुवा देण्याचा अधिकार नावानिशी एका व्यक्तीकडे असावा, आणि ती व्यक्ती बदलून गेली की तो अधिकार त्याच दिवशी दुसऱ्याच्या नावे व्हावा. बदलीवर गेलेल्या कारकुनाच्या खात्यात अडकलेले कागद हे नव्या कचेऱ्यांचे जुनेच दुखणे आहे.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा. मद्रासच्या त्या सूचीच्या पहिल्या खंडाची सुधारून वाढविलेली आवृत्ती १९६८ साली काढावी लागली. १९४९ ची प्रत ज्या ग्रंथालयांत होती तेथे ती राहिली, आणि दोन्ही शेजारी ठेवून काय बदलले, हे कोणालाही पाहता आले. जाहीर दुव्यामागचा मजकूर मुकाट्याने बदलला, तर वाचकाला ही सोय उरत नाही. म्हणून प्रसिद्धीच्या वेळी चालू मसुदा उघडून देण्याऐवजी त्याची स्थिर प्रत काढावी, तिच्यावर आवृत्तीचा क्रमांक व तारीख घालावी, आणि दुरुस्ती झाल्यास पहिली प्रत न पुसता दुसरी तिच्याखाली लावावी.