मूनलाइट ऐकून संच घेऊ नये

बीथोव्हेनच्या ३२ पियानो सोनाटांचा एक पूर्ण संच संग्रही असावा असं ज्याला वाटतं, तो पहिल्याच पायरीवर गांगरतो. १९३० च्या दशकापासून आजवर इतक्या वादकांनी हे संच केले आहेत, आणि काहींनी दोनदा-तीनदा केले आहेत, की नुसती नावं वाचूनच माणूस थकावा. एकेक संच आठ ते दहा सीडींचा, दहा-अकरा तासांचा. सगळे ऐकून मग ठरवू म्हटलं तर वर्ष जाईल. म्हणून बहुतेक जण जवळची वाट धरतात. ‘मूनलाइट’चा पहिला भाग लावतात, ‘ॲपॅशनाटा’चा शेवट लावतात, फारच हौस असली तर ‘हॅमरक्लाव्हियर’ची सुरुवात ऐकतात, आणि त्यात जो आवडेल त्याचा संच उचलतात. ही परीक्षाच चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. संच पारखायचा असेल तर ज्या सोनाटांना टोपणनाव मिळालं नाही, ज्या मैफलीत क्वचित वाजतात आणि ज्यांची फर्माईश कुणी करत नाही, त्या आधी ऐकाव्यात.

सोनाटा म्हणजे इथे एकट्या पियानोसाठी लिहिलेली, दोन ते चार भागांची रचना. पहिल्या तीन सोनाटा, म्हणजे ऑपस २ (ऑपस हा रचनांचा प्रकाशन-क्रमांक), बीथोव्हेनने हायडनला अर्पण केल्या. १७९६ मध्ये त्या छापून आल्या तेव्हा तो पंचविशीत होता. शेवटची, ऑपस १११, १८२२ ची. मधल्या पंचवीसेक वर्षांत बहिरेपण आलं आणि वाद्यही बदललं. सुरुवातीचा पियानो जेमतेम पाच सप्तकांचा होता, अखेरचा सहा सप्तकांच्या घरात गेला. ऑपस १० मधल्या तिसऱ्या सोनाटात सप्तकांच्या जोडीने चढत जाणारी एक धाव आहे. ऐन टोकाला तिचा वरचा स्वर एकदम गायब होतो, कारण त्या वेळच्या पियानोच्या पट्ट्या तिथे संपत होत्या. आजच्या पियानोवर पट्टी आहे, म्हणून काही वादक तो स्वर भरून काढतात. काही कागदाशी प्रामाणिक राहून गाळतात. एवढ्याशा गोष्टीतही वादकाचा कल कळतो. या ३२ पैकी सर्वांना ठाऊक असलेली टोपणनावं आहेत ती फार तर आठ-दहांना, आणि त्यातलीही बरीचशी इतरांनी दिलेली. ‘मूनलाइट’ हे नाव बीथोव्हेन गेल्यानंतर चिकटलं. म्हणजे संचाच्या किमतीतला मोठा वाटा आपण मोजतो तो बिननावाच्या बावीस-चोवीस सोनाटांसाठी. त्यांची परीक्षा न घेता सौदा करायचा, हे कोणत्या हिशेबात बसतं?

नावाजलेल्या सोनाटांनी वादक ओळखू येत नाही, याला कारण आहे. ‘पॅथेटिक’ किंवा ‘ॲपॅशनाटा’ प्रत्येक मोठ्या वादकाने विद्यार्थिदशेपासून वाजवलेली असते. पुढे वीस-तीस वर्षं ती मैफलीत घासूनपुसून लख्ख झालेली असते. ती वाईट वाजवणारा माणूस संच करण्याच्या पायरीपर्यंत पोचतच नाही. बाकीच्यांचं तसं नसतं. त्यांतल्या कित्येक केवळ संच पूर्ण करायचा म्हणून उशिरा हाती घेतल्या जातात. मॉरिझिओ पोलिनीचं उदाहरण पाहा. शेवटच्या, सर्वांत अवघड पाच सोनाटा त्याने १९७५ ते ७७ मध्येच ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्या आजही थक्क करतात. पूर्ण संच मात्र २०१४ मध्ये हाती आला. ऑपस ४९ च्या दोन चिमुकल्या सोनाटा, ज्या जगभरची पियानो शिकणारी मुलं वाजवतात, त्याच्या वाट्याला सत्तरी ओलांडल्यावर आल्या. एमिल गिलेल्स १९८५ मध्ये वारला तेव्हा त्याच्या संचात पाच सोनाटा राहून गेल्या होत्या. त्यांत ऑपस १११ होती हे दुर्दैव, पण ऑपस १४ ची पहिली, ऑपस ५४ आणि ऑपस ७८ याही होत्या, म्हणजे मागे ठेवायच्या तर कोणत्या हे तिथेही दिसतंच. शिवाय एकट्या ‘ॲपॅशनाटा’साठी संच घ्यायची गरजही नाही. स्व्यातोस्लाव रिख्तरने सगळ्या ३२ कधीच केल्या नाहीत, तरी त्याची १९६० ची कार्नेगी हॉलमधली ‘ॲपॅशनाटा’ स्वतंत्र मिळते, आणि तिच्यासमोर कित्येक संचांतली फिकी वाटते.

मग ऐकायचं काय? माझ्या मते दोन सोनाटा पुरतात. पहिली ऑपस ३१ मधली पहिली. हिच्या आरंभापासून उजवा हात डाव्या हाताच्या किंचित आधी पडतो. नवशिक्याचे दोन हात जसे एकत्र येत नाहीत तसं ते ऐकू येतं, आणि हे बीथोव्हेनने मुद्दाम लिहून ठेवलं आहे. त्यात मिश्कीलपणा आहे, पण तो अचूक मापाने वाजवला तरच कळतो. हात फार अलग पडले तर चूक वाटते, फार जवळ आले तर गंमतच नाहीशी होते. दुसरा भाग तर त्याहून कसोटीचा. डावा हात गिटार छेडावी तसे सुटे सुटे स्वर टाकतो, वर उजव्या हातात इटालियन ऑपेरातल्या गायिकेसारखं नटवं, माळाच्या माळा लावलेलं गाणं. हे जवळजवळ अकरा मिनिटं चालतं. बीथोव्हेन त्या गायिकेची थट्टा करतोय की तिच्यावर लुब्ध झालाय? दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी ऐकू आणणारा वादक विरळा. गंभीर चेहऱ्याने वाजवणाऱ्यांच्या हातात हा भाग नुसता लांबतो.

दुसरी सोनाटा ऑपस ५४. ‘वाल्डस्टाइन’ आणि ‘ॲपॅशनाटा’ या दोन पहाडांच्या मध्ये ती सापडली, दोनच भागांची, उणीपुरी अकरा मिनिटांची. कार्यक्रम ठरवणाऱ्यांना ती आठवतही नाही. पहिल्या भागात दरबारी नृत्याची सभ्य चाल सुरू असताना दोन्ही हातांच्या सप्तकांची दणदणाट करणारी फलटण मध्ये घुसते. ती गेली की नृत्य पुन्हा सुरू होतं, पण दर वेळी थोडं जास्त नटून. शेवटी दोघांचं काहीतरी मिटलेलं असतं. वादकाने दणदणाट नुसता मोठा केला की नृत्याची नक्षी का वाढत गेली ते समजत नाही. दुसरा भाग एका दमात धावणारा आहे, पण त्यावर लय लिहिली आहे ती बेताची, आणि सुरुवातीला सूचना आहे गोड वाजवण्याची. बोटं तयार असलेला वादक इथे हटकून घाई करतो आणि संगीताचा रियाज होऊन बसतो.

आपल्याकडे एकच बंदीश दोन गवयांनी गायली तर बढतीच वेगळी होते, फरक शोधावा लागत नाही. इथे प्रत्येक स्वर कागदावर आधीच ठरलेला असतो. वादकाच्या हाती उरतं ते वजन, लय, पेडल आणि दोन स्वरांमधली जागा. म्हणून फरक बारीक असतो, आणि तो दिसायला अशी जागा लागते जिथे प्रसिद्धीचा लखलखाट नाही.

यावर कुणी म्हणेल, हिमालय सोडून टेकड्या मोजायचं हे काय खूळ? ‘हॅमरक्लाव्हियर’मध्ये जो कमी पडतो त्याचा संच हवाय कुणाला? आक्षेप खरा आहे, पण त्या सोनाटाची अडचण निराळी आहे. मेट्रोनोमचे आकडे बीथोव्हेनने ज्या एकाच सोनाटावर घातले ती ही, आणि पहिल्या भागाचा आकडा इतका वेगवान आहे की बहुतेक वादक तो बाजूला ठेवतात. आर्टुर श्नाबेलने तो गाठायची जिद्द धरली आणि स्वर सांडले. मंद भाग कुणी १६ मिनिटांत संपवतो, कुणी २० च्या पुढे नेतो. सर्वांना पटेल असं या सोनाटाचं वादन अजून व्हायचंच आहे, मग तिच्यावर संच पारखणार कसा? विल्हेल्म बॅकहाउसच्या स्टिरिओ संचात तर ही सोनाटा नव्याने झालीच नाही. तिथे त्याचं १९५० च्या दशकातलं जुनं मोनो ध्वनिमुद्रण घालावं लागतं.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. मोबाइलवर सगळंच मिळतं, तर प्रत्येक सोनाटा वेगळ्या वादकाची निवडून आपला संच आपणच का बनवू नये? जरूर बनवावा, पण त्यात एक गोष्ट हाती लागत नाही. ऑपस ३१ मधली थट्टा ऑपस ११० मध्ये काय होऊन येते, हे एकाच हातून ऐकलं तरच कळतं. अर्थात संच या नावाखाली विकलं जाणारं सगळंच तसं नसतं. चार दशकांत विखुरलेलं पोलिनीचं काम मला संच कमी आणि एका कारकिर्दीचा आल्बम जास्त वाटतं. याउलट विल्हेल्म केम्प्फचा स्टिरिओ संच १९६४-६५ मध्ये, तो सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना झाला, आणि डॅनियल बॅरेनबॉइमचा पहिला संच त्याच्या पंचविशीच्या आसपासचा. दोन्हीत पहिल्या सोनाटापासून शेवटपर्यंत तोच माणूस भेटतो.

तिसरा आक्षेप जुन्या आवाजाचा. सगळ्या ३२ पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केल्या आर्टुर श्नाबेलने, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, १९३२ ते ३५ या काळात. एचएमव्हीने त्यासाठी बीथोव्हेन सोनाटा सोसायटी काढून वर्गणीदार जमवले. श्नाबेलला राजी करणारा फ्रेड गायसबर्ग म्हणजे १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचा आवाज तबकडीवर घेणारा तोच. तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांची. तेवढ्यात थांबायचं, पुन्हा सुरू करायचं, आणि चुकलेला स्वर कापून दुसरा जोडायची सोय नाही. म्हणून त्यात खरखर आहे आणि चुकाही आहेत. तरी ऑपस ३१ ची ती पहिली सोनाटा ऐकताना श्नाबेलच्या हातून हसू फुटतं. याच्या अगदी उलट ॲनी फिशर. तिने बुडापेस्टमध्ये १९७७-७८ मध्ये हंगारोटॉनसाठी संच सुरू केला, समाधान होईना म्हणून तुकडे पुन्हा पुन्हा करत राहिली, आणि १९९५ मध्ये ती वारल्यानंतरच तो बाहेर आला. जोडकामातून घडलेला हा संच ऐकायला मात्र एका बैठकीत पेटलेल्या वादनासारखा लागतो. तेव्हा जिवंतपणा कशाने येतो, याबद्दल घाईने बोलू नये.

माझा कौल पहिल्या संचासाठी केम्प्फच्या १९६० च्या दशकातल्या संचाला. त्याची ‘ॲपॅशनाटा’ पुरेशी पेटत नाही, ‘हॅमरक्लाव्हियर’ला ताकद कमी पडते, हे मान्य. पण बिननावाच्या सोनाटांमध्ये तो जितका घरच्यासारखा वावरतो तितके थोडेच वावरतात. आवाज स्वच्छ आणि तोल सांभाळलेला हवा असेल तर १९९३ मध्ये पूर्ण झालेला रिचर्ड गूडचा संच घ्यावा. आग हवी असेल तर ॲनी फिशरचा. पुढे दुसरा संच घ्यायची हौस उरलीच, तर आधुनिक पियानोवरचा आणखी एक घेण्यापेक्षा रोनाल्ड ब्राउटिगामचा पाहावा. तो त्या काळच्या पियानोंच्या प्रतिकृतींवर वाजवतो. त्यांच्या पट्ट्या हलक्या आणि उथळ असल्यामुळे ‘वाल्डस्टाइन’च्या शेवटी सप्तकांची घसरगुंडी एका हाताने सहज होते, आजच्या जड पट्ट्यांवर तीच जागा वादकाला काहीतरी युक्ती काढून निभवावी लागते.